सुगत खायला लागला

तुमसर,
४ नोव्हेंबर २००१

चि. आम्रपालीस,
सप्रेम जयभीम वि. वि.

‘चि. सौ.’ लिहायला गेले आणि पेन थांबलं. माझ्या अभयला जाऊन तीन महिने होत आले, तरी हात जुन्याच सवयीनं चालतो. त्याच्यासारखं कोणी बायपासवरून मोटारसायकलवर घरी येतो म्हटलं, की अजून छातीत कळ येते.

सुगतला सहा महिने पूर्ण झाले आणि तू बुद्धवंदना घेऊन त्याला पेज चाटवलीस, हे वाचून बरं वाटलं. आता पोरगं खायला लागलं. म्हणजे तुझ्यावाचून त्याचं अडायचं नाही. तू दिवसभर कंपनीत, तो शेजारच्या बाईकडे. त्यापेक्षा त्याला इकडे पाठव. मी चौतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं शिकवली, मग घरचं एक सांभाळणं काय जड आहे? इथं गाय दारात आहे. हे येऊन घेऊन येतील. तू सुट्टीत येत जा.

तुलाही पुढं आयुष्य आहे. विचार करून कळव. सुगतच्या गालाला हात लाव, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई,
कौशल्या

---

वारजे, पुणे,
१५ नोव्हेंबर २००१

ती. आईंना,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. राग मानू नका, पण सुगतला मी पाठवणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की वरचं खाणं हे अंगावरच्या दुधाच्या जोडीला असतं, त्याच्या बदल्यात नव्हे. निदान दोन वर्षं पाजा म्हणाल्या. त्याचं खाणं म्हणजे अजून गंमतच आहे. मऊ भात आणि वरण कालवून दिलं की अर्धं पोटात, अर्धं भुवयांवर. गाजर थुंकतो. तोंड पुसलं की माझ्या ओढणीत शिरतो. मी सकाळी पाजून निघते, दूध काढून शेजारच्या द्वारकाबाईंकडे ठेवते, आणि आल्याबरोबर चपलाही न काढता त्याला घेते. घरमालकीणबाईंनी जिन्यात ऐकवलं, की वारज्यात नळालासुद्धा एकच वेळ पाणी येतं, तुमचं मात्र दोन्ही वेळा चालू आहे. मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. यांना घरी आणलं त्या दिवशी माझ्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं, आणि पान्हा मात्र आपोआप येत होता. साडी भिजत होती. मला माझ्याच अंगाची चीड आली होती. पण त्याच दुधावर सुगत जगला, आणि त्याला पाजायचं म्हणून मी चार घास खाल्ले. ते तोडायला सांगू नका.

बाबांची तब्येत कळवा. मी चुकले असेन तर लेक समजून पदरात घ्या.

आपली,
आम्रपाली

---

तुमसर,
२६ नोव्हेंबर २००१

चि. आम्रपालीस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझ्या डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत. मीही अगदीच अडाणी नाही. माझी शाळा तीन कोस लांब होती, म्हणून अभयचं सहाव्या महिन्यातच तोडलं. गाईच्या दुधावर आणि पेजेवर वाढला. काय कमी पडलं त्याला? इंजिनिअर झाला.

साडी भिजल्याचं वाचलं आणि पत्र यांच्यापासून लपवून ठेवलं. मला तुझं कळत नाही असं नाही. पण बाई, तुझ्याजवळ त्याचा मुलगा आहे. माझ्याजवळ त्याचे धुऊन ठेवलेले शर्ट आहेत. घरात आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसून राहतो.

जास्त लिहीत नाही. तुझं खुशाल असो, यापलीकडे मागणं नाही.

कौशल्या

---

वारजे, पुणे,
२१ जानेवारी २००२

ती. आईंना,
सविनय जयभीम वि. वि.

बाबा सुगतला घेऊन सुखरूप पोचल्याचा फोन आला. द्वारकाबाई पाय मोडून गावी गेल्या. पाळणाघरं वर्षाच्या आतलं मूल घेत नाहीत. अमेरिकेतलं काम घटलं म्हणून आमच्या कंपनीत रोज कोणाला तरी घरी बसवतात. माझी रजा तर केव्हाच संपली होती. नाइलाज झाला. तुम्ही जिंकलात असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका.

त्याला भात घट्टसर आवडतो. डाळीत थोडं तूप घाला. पाणी उकळूनच द्या. तोंड फिरवलं की बळेच भरवू नका, थोड्या वेळानं तोच आ करतो. झोपताना माझी ओढणी त्याच्याजवळ ठेवा, मी ती मुद्दाम धुतलेली नाही.

ऑफिसात दुपार झाली की छाती दगडासारखी होते. मी बाथरूममध्ये जाऊन दूध पिळते आणि बेसिनमध्ये ओतते. बरोबरीची उत्कर्षा बाहेर उभी राहते, कोणी दार वाजवू नये म्हणून. तिनं गोळी घेऊन बंद कर म्हणून सुचवलं. मी ऐकणार नाही. नवी बाई मिळाली की मी त्याला न्यायला येईन, तोवर दूध आटू देणार नाही.

तो मला शोधतो का, तेवढं खरं कळवा. आपली कृपा असू द्या.

आपली,
आम्रपाली

---

तुमसर,
१९ फेब्रुवारी २००२

चि. आम्रपालीस,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर सगळं ठीक आहे म्हणत गेले. ते खोटं होतं.

सुगतनं इथं आल्यापासून धड खाल्लं नाही. गाईचं दूध तोंडातून परत काढायचा. मागच्या आठवड्यात हगवण लागली. दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. आता बरा आहे, काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण कर. तू आई आहेस.

काल दुपारी तो रडून रडून माझ्या पदराला झोंबत होता. मला सहन झालं नाही. मी चोळी सोडली आणि त्याला जवळ घेतलं. साठीच्या बाईला कुठलं दूध? त्यानं ओढून पाहिलं, सोडलं, माझ्या तोंडाकडं टक लावून बघितलं. मग रडलाही नाही. नुसता पडून राहिला. तेव्हा मला कळलं, हा अभय नाही. मी त्याच्यात माझा मुलगा मागत होते, आणि तो त्याची आई.

हे पत्र मिळताच निघ. मी तुमच्याबरोबर पुण्याला येते. तुझ्या घरात एका म्हातारीला जागा होईल का? नसली तरी ये.

तुझी आई,
कौशल्या

---

वारजे, पुणे,
१७ मार्च २००२

सुगतच्या आजोबांना,
जयभीम वि. वि.

आम्ही बरे आहोत. सुगत बसल्या बसल्या पुढं सरकतो आणि चपला तोंडात घालतो. इथला दहाचा नळ नऊलाच जातो, बाकी गाव चांगलं आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाही, त्यानं अंगावर घेतलं नाही. तिथं तुमच्यासमोर त्यानं सूनबाईकडं पाठ फिरवली, तेव्हा वाटलं होतं की राग आहे, जाईल. इथं येऊनही ती रोज त्याला छातीशी धरते. तो हसतो, तिच्या गळ्यातली माळ ओढतो, आणि तोंड बाजूला करतो. विसरला पोरगा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी कधी असं होतं, प्रयत्न सोडू नका. परतताना रिक्षात सूनबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

दूध अजून येतं, थोडंच. ती आतल्या खोलीत बसून ते काढते आणि मी सुगतला भरवते. आज रविवार, ती घरीच होती. तिनं वाटी माझ्या हातात दिली. दूध अजून कोमट होतं. मी ते भातात कालवलं. सुगतनं आ केला, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून लांबूनच बघत राहिली, जणू परक्याच्या घरी आली आहे. मी तिला हाक मारून खाली बसवलं, त्याला तिच्या मांडीवर ठेवलं आणि चमचा तिच्या हातात दिला. त्यानं घास घेतला, गिळला, आणि पुन्हा तिच्याकडं बघून आ केला.

मी परत कधी येणार, ते आत्ता विचारू नका. गाय रामटेकच्या भाच्याला देऊन टाका. वेळेवर जेवत जा, आणि दोन ओळी का होईना, लिहीत राहा.

कौशल्या