मनगटाचं माप

१२ बहमन, गुरुवार

आधी कोण उगवली, तर तूरान! शेजारीण खरी, पण माझी नात विमानातून उतरायच्या आधीच हिला वास लागलेला. हातात हलव्याची बशी आणि डोळे रस्त्यावर. "सहज आले गं कोकब. काय, आली का पोरगी?" सहज! ओठांना रंग लावून सहज!

मग गाडी आली. तरलान उतरली आणि बर्फात तशीच उभी राहिली, तोंड उघडं टाकून. ती राहते त्या पर्थला बर्फ नाही म्हणे, नुसता समुद्र आणि ऊन. एवढी मोठी घोडी, पण खाली वाकून बर्फ चाटला! मी रडले, हसले, परत रडले. माझ्यासाठी आणलेला हलवा तूराननेच संपवला.

चालते अगदी आईसारखी, माझ्या माहरुखसारखी. डावा खांदा जरा पुढे. 

१३ बहमन, शुक्रवार

तरलानला घसरायचंय. बसून नाही, उभ्याने! एका रुंद फळीवर दोन्ही पाय बांधून. दोन फळ्यांचं मला कळतं. माझ्या हैदरने जन्मभर वरच्या उतारावरचा पाळणा चालवला, लोकांना खुर्चीत बसवून डोंगरावर धाडायचा. पण दोन्ही पाय एकाच फळीला जखडले, तर पडताना पुढे काय येणार? हातच की!

माहरुखचा फोन आला. तिला आधीच सगळं ठाऊक. पोरीच्या पोटात काही राहत नाही. "आई, तिचं मनगट मोडलं तर बघ हं. शिराजला वडलांकडच्यांकडे जाणारच आहे, तिथून सरळ पर्थला परत बोलावीन. नौरोजला, नव्या वर्षाला, तुझ्याकडे पाठवणार नाही." एवढंच. स्वतःच्या येण्याचं एक अक्षर नाही.

तिची भीती खोटी नाही. चौदाव्या वर्षी ती याच उतारावर पडली. हाड बसवणाऱ्याने डावं मनगट वाकडंच बसवलं. थंडीत दुखायचं. आता तिकडे थंडी कुठली.

हैदर गेला तेव्हा तिला वेळेत पोचता आलं नाही. तेव्हापासून म्हणते, बाबा नसलेल्या घरात पाय ठेववत नाही. किती हिवाळे गेले. मी विचारायचं सोडलं. विचारलं की ती गप्प होते, आणि फोनवरची ती शांतता मला सोसत नाही.

तरलान नौरोजला परत आलीच पाहिजे. निदान ती तरी.

१५ बहमन, रविवार

सियामकच्या दुकानात गेलो. फळ्या भाड्याने देतो, शिकवतोही. मला बघून म्हणतो, "कोकब खानम, तुम्ही शिकणार की काय?" म्हटलं, "का रे, माझ्या मापाची फळी ठेवत नाहीस?" दुकानातली सगळी हसली. मीच जास्त.

मनगट मोडू नये म्हणून बांधायच्या पट्ट्यांची टोपली पुढे ओढली. तरलानने पहिल्यांदा गुलाबी उचलला. रंग बघून! तो आखूड, कडक, चाकांच्या बुटांवर खेळणाऱ्या पोरांचा. मी हातात घालून गल्ल्याच्या फळकुटावर पंजा आपटला. मनगट वाचलं, पण आतली कडक पट्टी जिथे संपते तिथे हाडावर असा दणका बसला! म्हणजे मोडायचंच, फक्त चार बोटं वर. सियामक म्हणाला, "बरोबर ओळखलंत." मला काय आनंद!

दुसरा नुसता कापडी. तो म्हणजे मोजाच. तिसऱ्यात मूठ मिटेना. सियामक म्हणतो पडताना मूठ मिटायची, पंजा पसरायचा नाही, मग मूठच मिटली नाही तर काय उपयोग?

सियामकच्या स्वतःच्या हातातले मात्र लांब, कोपराकडे अर्ध्यापर्यंत. पट्टी आहे पण जरा लवते, एकदम अडत नाही. आत मऊ गादी. तरलान म्हणाली, "किती मस्त आहेत हे!"

झालं! सियामकने दोन्ही सोडले, पुढे धरले. "तुमचेच आहेत. तुमच्यापुढे काय मोठंसं."

आणि पोरीने घेतले! "खरंच? थँक्यू!" म्हणून घालूनही टाकले!

अगं, घ्या म्हटलं की घ्यायचं नसतं! नको म्हणायचं, परत नको म्हणायचं, तिसऱ्यांदा हात छातीवर ठेवून नको म्हणायचं. हे माहरुखने शिकवलं नाही वाटतं. सियामकचा चेहरा – हसतोय, पण कान लाल. जमीन दुभंगली असती तर मला बरं वाटलं असतं.

१६ बहमन, सोमवार

तूरान आलीच. "तुझ्या नातीने त्या पोराचे हात उघडे केले म्हणे!" अख्ख्या शेमशक गावाला कळलंय.

पट्टे फडक्यात बांधून परत द्यायला गेले. सियामक घेईना. "दिलं ते दिलं, खानम." मी म्हटलं ठेव. तो म्हणाला शक्य नाही. मी परत, तो परत. शेवटी मी घरी घेऊन आले.

खरं लिहू? रस्ताभर गालात हसत होते. टोपलीतले सगळे एकीकडे आणि हे एकीकडे. माझ्या पोरीच्या हातात तेच असायला हवेत. अक्रोडाचा मुरंबा नेऊन देईन त्याला, मोठी बरणी.

१७ बहमन

पट्ट्यावरून तरलानचे हातमोजे चढेनात. ट्रंक उघडली. हैदरचे जुने, लोकरीच्या अस्तराचे. कधी कुणाला दिले नव्हते. तिच्या हातात बरोब्बर बसले, पट्टा आत धरून. तिने नाकाला लावले. "आजी, याला कसला वास?" म्हटलं, पाळण्याच्या वंगणाचा. आणि बाहेर जाऊन उगाचच लाकडं मोजली.

१९ बहमन, गुरुवार

पडली!

मी खाली उताराशी बसले होते, थर्मासमधला चहा घेऊन. छान येत होती, वळणंसुद्धा घेत होती. सावलीत बर्फ काचेसारखा झाला होता, तिथे फळी निसटली. पुढे फेकली गेली, दोन्ही हात पसरून. मूठबीठ कुठली आठवतेय! आवाज माझ्यापर्यंत आला. कडाड. शेजारी बसलेली तूरान किंचाळली, "गेलं मनगट!" मी धडपडत उठले. चहा सांडला तेही नंतर कळलं.

सियामक घसरत पोचला. हातमोजा काढला. पट्टा काढला. पट्टी उभी चिरली होती. मनगट – लाल, पण सरळ. बोटं हलव म्हटलं, हलवली. मूठ कर, केली. "आजी, पुन्हा जाऊ?"

मी तिला एक चापट मारली आणि मग त्याच गालाचे मुके घेतले.

सियामकला म्हटलं, "अरे, तुझा पट्टा तुटला." म्हणतो, "तो तुटण्यासाठीच असतो, खानम. हाडाने तुटू नये म्हणून."

घरी आल्यावर निखाऱ्यावर बिया टाकून दृष्ट काढली. तूरानच्या नावाने दोन चिमटी जास्त.

२० बहमन, शुक्रवार

सत्यानाश. मी स्वयंपाकघरात आशचं दाट सार ढवळत होते, तेवढ्यात पोरीने आईला फोन लावला. चेहरा दिसतो तसला. आणि चिरलेला पट्टा समोर धरला! "बघ मम्मा, केवढी पडले! काही झालं नाही! मोजे बघ, आजोबांचे आहेत!"

मी पळत आले. माहरुख दिसत होती. पट्ट्याकडे बघत होती, हातमोज्यांकडे बघत होती.  मग पडदा काळा झाला.

तरलान म्हणाली, "नेट गेलं असेल." मला माहितीये काय गेलं ते.

आशला करपट वास लागला.

२४ बहमन, मंगळवार

तरलान शिराजला गेली. डोक्यावरून कुराण फिरवलं, गाडीमागे वाटीभर पाणी टाकलं, तिने लवकर परत यावं म्हणून. पाणी रस्त्यावरच गोठलं. तूरान म्हणाली, "असू दे गं, वितळेल."

नौरोजच्या आधी येते म्हणालीय. पण ते तिच्या हातात आहे का? तिची आई अजून बोललेली नाही.

पोरीने हातमोजे इथेच ठेवले, खिडकीत. पट्टे त्यांच्या आतच.

२७ बहमन

फोन नाही.

२ एस्फंद, बुधवार

एस्फंद लागला, वर्षाचा शेवटचा महिना. सियामकला मुरंबा दिला. नको नको म्हणाला, तीनदा. मग घेतला. किती सोपं असतं, दोघांना माहीत असलं की.

फोन नाही.

५ एस्फंद, शनिवार

माहरुखचा फोन. आवाज सर्दी झाल्यासारखा. "आई, बाबांचे मोजे अजून ठेवलेस?" हो म्हटलं. मग शांतता. मी सोसली.

मग म्हणाली, "तरलान येईल तेव्हा मीपण येते. सियामककडे माझ्यासाठी पट्ट्यांचा एक जोड बघून ठेव. डावा जरा सैल."

लहानपणी ते मनगट माझ्या अंगठ्या-बोटाच्या कड्यात मावून वर जागा उरायची. आता केवढं झालं असेल? सियामकला काय माप सांगू? नाहीच सांगत. तिलाच हाताला धरून दुकानात नेईन.

२४ एस्फंद, गुरुवार. दोघी.