गढीत बूट घालून

परमपूज्य, खडूचूर्णविभूषित, बाराखडीप्रतिपालक, एकशिक्षकी शाळेचे सार्वभौम आणि तडकलेल्या फळ्याचे चक्रवर्ती बाबा,

तुमच्या पश्चात गढीचे भाग्य उजळले आहे. देशमुखांच्या अमलात जिच्या दारावरून आजोबा चपला हातात घेऊन, मान खाली घालून जात, आणि निजामाचे राज्य मावळल्यावर जिच्या कचेरीच्या दालनात पुढे तुमची शाळा भरली, ती वास्तू आता ‘संरक्षित’ आहे. तिला पॉलिश, पाटी आणि पहारेकरी प्राप्त झाला आहे.

मला तो एकच दिवस वारंवार आठवतो. गढी पाडून दगड वाटून घ्यायला गावकरी पहारी घेऊन आले आहेत. तुम्ही उंबऱ्यावर उभे, पायांत ते काळे बूट. “काऊन पाडता रे? हे दगड देशमुखानं वाह्यले काय? आपल्या बापायनं वेठीत वाह्यले. आपलं हाय हे.” गर्दीतून कोणीतरी टोमणा मारला, “मंग बूट तरी काढा मास्तर, धन्याचं घर हाय!” लोक हसले. “त्याच्याचसाठी घातले,” इतकेच बोलून तुम्ही हजेरी घ्यायला आत गेलात. पहारी परतल्या. एवढ्या अल्पाक्षरांत एवढे राजकारण मी त्यानंतर कोणत्याही सभागृहातून ऐकलेले नाही.

परवा मी त्याच दारात उभा राहिलो, तुमचेच बूट घालून. पहारेकऱ्याने अडवले. “सर, बूट इथंच काढा. फरशी खराब होते.”

“काढत नाही.”

“काऊन?”

“माझ्या आजानं या दारात लय खेपा चपला काढल्या.”

त्याने मला सोडून बुटांकडेच निरखून पाहिले. “मास्तरचे पोरगे काय तुमी? आमाले शिकवलं न त्यायनं. जा. पण हळू चाला, साहेब मलेच बोलते.”

मग मी दिग्विजयी थाटात समस्त दालने पादाक्रांत केली. तुमच्या वर्गाच्या भिंतीवर, नव्या चुन्याखालून, बाराखडीची एक ओळ अजून पुसट दिसते. तिथे मात्र मी हळू चाललो.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, म्हणून कबुली निर्धास्तपणे देतो: फाटकाबाहेर येताच मी लिंबाखाली बसून बूट काढले आणि मोज्यांवर बसस्टँड गाठले. डाव्या बुटात, टाचेखाली, एक खिळा वर आलेला आहे. तुम्ही इतकी वर्षे त्याच्यावरच उभे राहून शिकवलेत काय? उटनूरच्या बाजारातला बूटदुरुस्तीवाला म्हणतो, तळ बदलल्याशिवाय तो निघणार नाही, आणि असला तळ आता कुठे मिळत नाही.