पंधरा गुणांची बहीण

इबादान, २८ एप्रिल २०२३

ति. इबिदुनताईंस,
तानिमोलाचा साष्टांग नमस्कार. खरोखरचं लोटांगण घातलंय. आई साक्षीला आहे आणि फरशी आज पुसलेली नव्हती.

फोन सोडून पत्र का, हे तुम्हांला सांगायला नको. मोठी बातमी कागदावर, आणि आधी घरात मोठ्याने वाचून, हा बाबांचा नियम. ती कागदावरून ईमेलने पाठवायची तेवढी सवलत मिळाली आहे. तर बातमी अशी, की कॅनडात कायम राहण्यासाठी अर्ज करायचं निमंत्रण आलं! परवाच्या सोडतीत गुणांची रेघ चारशे त्र्याऐंशीवर थांबली आणि माझे गुण चारशे चौऱ्याऐंशी. वयाचे पूर्ण मिळाले, कारण तिशीला अजून सात महिने आहेत. बाकी पदव्यांचे, पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या पाच वर्षांचे आणि तीन वेळा दिलेल्या इंग्रजीचे.

आणि पंधरा तुमचे! कॅनडात बहीण असली की पंधरा मिळतात. तुम्ही विनिपेगात नुसत्या बसून राहिलात, तरी मला तारून नेलंत. आता साठ दिवसांत कागदपत्रं द्यायची आहेत. तुमचा जन्मदाखला तेवढा पाठवा. आईने आनंदात अख्ख्या गल्लीला जोलोफ भात खाऊ घातला. तुमच्या वाटणीचा मी खाल्ला.

लोभ तर आहेच, दाखलाही यावा.
तुमचा तानिमोला

---

विनिपेग, ३ मे २०२३

चि. तानिमोलास,
अनेक आशीर्वाद. हे पत्र आधी एकट्याने वाच.

बातमी ऐकून मी कामावर, वृद्धाश्रमातल्या सगळ्या आज्यांना केक वाटला. मग दाखला काढला आणि सहज तुझ्या फॉर्मखालचा नियम वाचला. भावंड म्हणजे आई किंवा बाप, निदान एक तरी सामाईक हवा, नाहीतर कायद्याने दत्तक घेतलेलं हवं. माझ्या दाखल्यावर बाबांचं नाव आहे आणि तुझ्या दाखल्यावर अकिनोला काकांचं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

काका-काकू अपघातात गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास. निळा कप छातीशी धरून दारात उभा होतास. त्या दिवसापासून आपल्या घरात ‘चुलत’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. एकदा एका पाहुणीने उच्चारला, तर आईने तिच्या पुढचं ताट उचललं. दत्तकाचा कागद करावा, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. घरच्या पोराचा कसला कागद करायचा?

पण तानी, हे खोटं धरलं जाईल आणि पाच वर्षं दार बंद होईल. निमंत्रण नाकार. मी काय मागते आहे, ते मला कळतं. दोन दिवस मला जेवण गेलेलं नाही.

रागावलास तरी पत्र लिही.
इबिदुन

---

इबादान, ९ मे २०२३

श्रीमती इबिदुन (चुलत) यांस,
नमस्कार. आज उभ्यानेच.

एकट्याने वाचायला घेतलं, पण बाबा समोरच होते. माझा चेहरा पाहून त्यांनी कागद हातातून घेतला आणि चष्मा लावून स्वतः वाचला. मग कपाटातला निळा अग्बादा, तो सणासमारंभाचा घोळदार झगा, काढला, टोपी घातली आणि तडक कोर्टात गेले. दुपारी परत आले ते शपथपत्र घेऊनच. तानिमोला माझा मुलगा आहे, असं त्यावर लिहिलंय, खाली सही-शिक्का. म्हणाले, की वयाचं, नावाचं, हरवलेल्या दाखल्याचं शपथपत्र सगळं इबादान करतं. मग माझ्या मुलाचं मी केलं तर कुणाच्या पोटात दुखतं?

आता कागद आहे. तुम्ही फक्त गप्प राहायचं आहे, एवढंही जमणार नाही का? तिकडच्या बर्फात राहून माणसाचं काळीजही गोठतं म्हणतात, ते खरं दिसतंय. तुमचे पंधरा गेले, की माझे चारशे एकोणसत्तर उरतात. नोव्हेंबरात तिशी लागली, की आणखी पाच जातात. मग मी जन्मभर इथे नळाचं पाणीच तपासायचं.

आपला,
फॉर्मप्रमाणे कोणीही नसलेला तानिमोला

---

विनिपेग, १५ मे २०२३

चि. तानिमोलास,
आशीर्वाद. उभ्याने घेतलेस तरी देते.

बाबांची शपथ आपल्या घरात शंभर टक्के खरी आहे. पण फॉर्म तपासणाऱ्या कचेरीला जन्म कुणी दिला ते हवंय. उद्या तिथल्या कुणी बाबांना फोन करून सरळ विचारलं, तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते काय सांगणार? एक गणित शेजाऱ्याचं पाहून लिहिलंस, म्हणून तुझ्या शाळेचे हेडमास्तर असताना याच बाबांनी तुला सगळ्यांसमोर छडी मारली होती. त्या माणसाला तू परक्यांपुढे खोटा पाडणार आहेस का? माझ्यावर कितीही चिड, पण याचं उत्तर दे.

आणि चिडायचंच तर अभ्यास करून चिड. फ्रेंच चांगलं आलं, तर पन्नास गुण मिळतात. शिवाय दुसरी भाषा म्हणून बारा वेगळे. माझे पंधरा म्हणजे चणे-फुटाणे! सीमेपलीकडे, फ्रेंच चालणाऱ्या पोर्तो-नोव्होत आईची मैत्रीण सिकिरातमावशी शिवणकाम करते. तिला मी कळवलंय. सुट्टी साठव आणि जा.

तुझी बहीण, फॉर्म काहीही म्हणो,
इबिदुन

---

पोर्तो-नोव्हो, २० ऑगस्ट २०२३

ति. ताईंस,
साष्टांग नमस्कार. पुन्हा आडवा झालोय, आणि या दुकानात जमिनीवर टाचण्या आहेत.

निमंत्रण मी जूनमध्येच नाकारलं. ते बटण दाबायला मला तीन दिवस लागले. बाबांना सांगितलं. रात्रीच्या जेवणात त्यांनी स्वतःच्या आमालाच्या गोळ्याशेजारचा मांसाचा तुकडा माझ्या ताटात टाकला. मागच्या पत्रात तुम्हांला जे लिहिलं, त्याची लाज वाटते. तो कंसातला शब्द लिहिताना हात अडला होता, तरी लिहिला. माफ करा.

इबादानला रोज संध्याकाळी वर्गाला जातो आणि आता महिनाभराची सुट्टी इथे काढतोय. मावशीचा कायदा असा, की फ्रेंचमध्ये मागितलं नाही तर जेवण नाही. घरात सगळे आपली योरुबा बोलतात, मी आलो की गप्प होतात. पहिले दोन दिवस मी निव्वळ पावावर काढले. तिसऱ्या दिवशी तिने मला गिऱ्हाइकांपुढे बसवलं. बाही आखूड झाली म्हणून एका बाईने मला अर्धा तास फ्रेंचमध्ये झोडपलं. मावशी म्हणते, की असा मास्तर फुकट मिळत नाही. ऑक्टोबरात परीक्षा आहे.

शिव्यांपुरतं फ्रेंच उत्तम जमू लागलेला,
तुमचा तानिमोला

---

विनिपेग, २ डिसेंबर २०२३

चि. तानिमोलास,
वाढदिवसाचे उशिराने आशीर्वाद. तिशीचा घोडा झालास.

परीक्षेत ऐकण्याच्या भागात थोडक्यात नापास झालास, असं आईकडून कळलं. तू स्वतः कळवलं नाहीस, म्हणजे तोंड लपवून बसला आहेस. इंग्रजीत तीनदा बसलास ना? मग फ्रेंचने काय घोडं मारलंय? आजपासून आंघोळ करताना, बसमध्ये, नमुने तपासताना कानात फ्रेंच रेडिओ लाव. मीही इथे शिकायला घेतलंय. आश्रमातल्या एका फ्रेंच आजीशी रोज दहा मिनिटं बोलते. ती माझ्या उच्चारांना पोट धरून हसते. तू पास होईपर्यंत मी हे हसं करून घेणार आहे, तेव्हा माझ्यावर दया कर.

पुढची तारीख कळव.
इबिदुन

---

इबादान, २७ एप्रिल २०२४

ति. ताईंस,
साष्टांग नमस्कार. या वेळी आईने फरशी पुसून दिली.

फेब्रुवारीत चारही भागांत पास झालो, हे फोनवर ओरडून सांगितलंच होतं. आता कागदावरची बातमी. वयाचे पाच जाऊनही गुण पाचशे सव्वीस झाले. फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या सोडतीची रेघ तर कुठल्या कुठे खाली होती. निमंत्रण पुन्हा आलं, बरोबर एका वर्षाने.

काल फॉर्म भरला. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. कॅनडात भाऊ-बहीण आहे का, या प्रश्नाला मी ‘नाही’ लिहिलं. तिथे कुणाकडे उतरणार, यापुढे तुमचं नाव आणि ‘चुलत बहीण’ असं लिहिलं. बाबांनी चष्म्यातून दोनदा वाचलं आणि विचारलं, की याचे किती देतात? मी म्हटलं, की काही नाही, शून्य. ते उठून आत गेले. मला वाटलं, दुखावले.

ते शपथपत्र घेऊन बाहेर आले. मी नको म्हणालो, तेव्हापासून त्यांच्या उशाखाली होतं. कोपरे दुमडले होते, ते त्यांनी बोटाने सरळ केले. म्हणाले, की हे तिथल्या कुठल्याही साहेबाला दाखवायचं नाही. इबिदुनकडे द्यायचं, आणि तिच्या बैठकीच्या खोलीत चौकट करून लावायचं. त्या घरात कायदा माझा.

ताई, एक खिळा ठोकून ठेवा.

लोभ मोजायचा नाही, नुसता ठेवायचा.
तुमचा सख्खा भाऊ,
तानिमोला
(गुण : शून्य)