फक्कीचं घर

२० जाने. १९७४, रविवार
शाळेच्या स्पर्धा संपल्या. मैदान आखायची उरलेली पांढरी फक्की ड्रिलच्या सरांकडून मागून घेतली, अर्धी पिशवी. दुपारी रावेतच्या प्लॉटवर. लेक नंदा ह्यांच्या सायकलच्या दांडीवर. प्लॉट घेऊन सहा वर्षं झाली, उभी आहे ती फक्त बाभळ. म्हटलं, बांधाल तेव्हा बांधा, निदान आखा तरी. ह्यांनी टेप काढली. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, पुढे व्हरांडा. मागच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी माझं टेबल. चौदा वर्षं चिंचवडच्या दोन खोल्यांत पिठाच्या डब्यावर वह्या तपासतेय. शाळेच्या मोठ्या बाई परवा म्हणाल्या, तुमच्या वर्गाच्या वह्यांना कणीक लागलेली असते. एक टेबल हवं. बाकी मागणं नाही.
नंदा भिंतीतून आत आली. हे ओरडले, "दारातून ये!"

२७ जाने., रवि.
बबनराव, ज्यांच्याकडून जमीन घेतली, त्यांच्या बायकोला हळदीकुंकवाला प्लॉटवरच बोलावलं. रेघेपाशी थांबली. "बाई, दार कुटं हाय?" दाखवलं. चपला काढून आत आली, हॉलमध्ये ऐसपैस बसली. वाण घेतलं. निघताना म्हणाली, "झाक हाय घर. वारं लई येतं."

१७ फेब्रु., रवि.
सिमेंट परमिटवर, आणि परमिट मिळत नाही. विटा महागल्या, वाळू महागली. हे कंपनीत प्लॅनिंग खात्यात, त्यामुळे आमच्या घरी काहीही ठरत नाही. "थांबू जरा. भाव उतरतील." मी आजवर उतरलेला फक्त ताप पाहिलाय.
तोवर स्वयंपाकघर दोन फुटांनी कमी. जुनी रेघ चपलेने पुसली, नवी ओढली.

१० मार्च, रवि.
भाव पुन्हा वाढले. इथे चिंचवडलाच, गल्लीच्या टोकाला शिंद्यांनी गेल्या वर्षी कर्ज काढून बांधलं, तेव्हा आम्ही त्यांना वेड्यात काढलं होतं. आता बोलायची सोय नाही.
व्हरांडा गेला. ह्यांची आरामखुर्ची तिथे येणार होती. रेघ त्यांनीच पुसली.
हॉलमध्ये बबनरावांची म्हैस बसलेली. बबनराव म्हणाले, "तिला काय कळतंय राव, न्हाई तर ती बी दारातून आली असती."

२४ मार्च, पाडवा
साडेतीन मुहूर्तांतला एक. नारळ नेला. हे अर्धा तास उभे. "वैशाखात बघू." नारळ परत आणला. चटणी केली.

१४ एप्रिल, रवि.
हॉल आणि स्वयंपाकघर एक झालं, नंदाची खोली गेली. ती होती तिथेच रुसून बसली. "उन्हात का बसलीस? आत ये." तर म्हणे, "मी माझ्या खोलीतच बसलेय."

१२ मे, रवि.
शिंद्यांचा गवंडी आणला, रामभाऊ. त्याने पावलांनी मोजलं, मग परत मोजलं. "ही धा बाय बारा, ही धा बाय नऊ. सायेब, आत्ता ऱ्हाता त्या खोल्या केवढ्या?"
मनात मोजलं. तेवढ्याच. चार महिने खपून आम्ही भाड्याच्याच दोन खोल्या रावेतला आखल्या होत्या. मला हसू आवरेना. हसता हसता रडू आलं ते निराळं. हे टेप गुंडाळत राहिले.
मग लक्षात आलं. टेबलाची चौकट. खिडकीशी, चार फूट बाय अडीच, जानेवारीत आखली तेवढीच. सगळं घर आक्रसलं, तिला हात लावला नव्हता.
विचारलं. म्हणाले, "ते कमी करता येत नव्हतं."
चौदा वर्षांत इतकं बरं ते पहिल्यांदाच बोलले.
रामभाऊ म्हणाला, "मंग, पावसाच्या आत जोतं तरी घालायचं का?" ह्यांनी बघायला आलेल्या बबनरावांच्या हातातली कुदळ घेतली आणि खिडकीखाली घातली. दहा-बारा घाव. हातभर खड्डा. मग घाम पुसून म्हणाले, "सिमेंटचं विचारू आधी."

१४ मे, मंगळ.
काल दिवसभर एकच. "खड्ड्यात कोणी पडेल. बुजवायला हवा." म्हटलं, "किंवा दगडांनी भरायला."
आज ह्यांची दुसरी पाळी, दुपारची. सकाळी सातला शिंद्यांकडून फावडं मागून आणलं, सायकलला बांधलं. कशाला, विचारलं, तर ऐकलंच नाही असं केलं. फावड्याने खड्डा बुजवताही येतो, वाढवताही येतो. सायकल रावेतच्या रस्त्याला लागलेली पाहिली.
पिठाच्या डब्यावर वही ठेवून लिहितेय. अकरा वाजून गेले. ह्यांचा जेवणाचा डबा भरून ठेवलाय, अजून पत्ता नाही. हातभर खड्डा बुजवायला एवढा वेळ लागत नाही.