साईडकारसकट की साईडकारवाचून

लालबाग, ८ सप्टेंबर १९५७, रविवार

मोंबासाच्या वर्कशॉपातले काम पक्के. बोट दिवाळीनंतर. पहिले वर्ष एकट्याने जायचे, मग तिकडे घर मिळेल, मग हिला बोलवायचे. असे तिथला शेठ म्हणतो.

सकाळी गल्लीत फटफटीची मापे घेतली. नेणार, यात वाद नाही. लष्करी लिलावात भंगार म्हणून विकत होते, मी तिला माणसात आणली. इंग्रजी मॅन्युअल शेजारी डिक्शनरी ठेवून वाचले, कोणापुढे तोंड वेंगाडले नाही. तिकडेही गाड्या डावीकडूनच चालतात, चौकशी केली आहे. म्हणजे साईडकारही (यापुढे सा.का.) आहे त्या बाजूला ठीक.

माप घेताना अर्धी चाळ भोवती. दुसऱ्या मजल्यावरचे नाना म्हणाले, "विकून टाक रे, तिकडे नवी घे." ज्यांनी जन्मात सायकलच्या पंपाला हात लावला नाही ते मला गाडीबद्दल सांगणार. टेपचे टोक धरा म्हटले तर तेही इंचभर सैल धरले.

११ सप्टेंबर

अर्धी रजा. फोर्टात माल पाठवणाऱ्या एजंटाकडे. तिथला कारकून पानाचा तोबरा भरून बोलतो, निम्मे शब्द आतच.

बोटीवर भाड्याला वजन बघत नाहीत, घनफूट बघतात. भाडे शेठ भरणार. मी मापे पुढे केली.

"ही गाडीची का खोक्याची?"

गाडीची.

"खोक्याची लागतात. बाहेरून."

मला ठाऊक होते. म्हणजे ठाऊक असायला हवे होते. लाकडाची जाडी, खालचे ठोकळे, काहीच धरले नव्हते. बावीस वर्षे फिटरकी करून ही चूक. त्याने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही, ते जास्त लागले.

मग म्हणाला, "साईडकार काढा. खोके निम्मे होईल. फॅमिली नेताय का?"

आत्ता नाही, म्हटले.

"मग झालं तर."

बिनतोड आहे. चीड आली तरी बिनतोड आहे.

घरी येऊन हिला सांगितले, सा.का. काढावी लागणार. ही भाकऱ्या थापत होती. हात थांबला नाही. "बरां," म्हणाली. एक प्रश्न मिटला.

१५ सप्टेंबर, रविवार

मिटलेला नाही.

दुपारी कांबळे आला, परळच्या सभेला भाषणाचा कर्णा सा.का.तून न्यायचा म्हणून. गिरणीत माझ्याच खात्यातला, वीस वर्षांपासूनचा दोस्त. गेल्या साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून त्याने विडी सोडली, वाद घालणे सोडलेले नाही. सा.का. इथेच राहणार हे ऐकून खूश.

"मला दे दत्त्या. प्रचाराला होईल."

"अरे, गाडीशिवाय तिला काय दोरी बांधून ओढणार?"

"हातगाडी करू. पुढे दांडा लावला की झालं."

माझ्या सा.का.ची हातगाडी! स्प्रिंगा मी स्वतः भट्टीत घालून घडवल्या आहेत. त्याला म्हटले, आधी गेल्या मोर्चात कर्ण्याने पाडलेला ओरखडा भरून दे, मग बोल.

संध्याकाळी सभेला गेलो. मी पुढे, कांबळे मागल्या सीटवर, ही सा.का.त, मांडीवर कर्णा. गर्दी दांडगी. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, घसा बसेपर्यंत ओरडलो. परत आल्यावर गल्लीत गाडी उभी केली. ही सा.का.तून उतरेना. आणि म्हणाली (शब्द तिचेच लिहितो, बदलले तर धार जाते):

"मुंबयशिवाय महाराष्ट्र नको म्हणान इतके वरडलात. आणि साईडकारीशिवाय गाडी चलता तुमका?"

कांबळे हसता हसता पायरीवर बसला. याला मित्र म्हणायचे.

मी शांतपणे घनफूट समजावून सांगितले.

"घनफूट माका सांगू नकात. मी खंय बसू, ता सांगा."

मागल्या सीटवर, म्हटले.

"लुगडां सांभाळू की तुमका धरू?"

हे खरे आहे. नऊवारीत ती मागे कधी बसली नाही. सा.का. घेतली ती त्याचसाठी. पण हे वर्षानंतरचे आहे, आज त्याचे काय!

१७ सप्टेंबर

नळावर बायकांनी हिचे बोलणे उचलले. मी तोंड धुवायला गेलो तर मागून, "साईडकार आलीच पाहिजे!" हसणे. दूधवाला भय्यासुद्धा विचारतो, "साब, फैसला हुआ?"

माझी गाडी, माझी नोकरी, आणि मत सगळ्या चाळीचे.

१९ सप्टेंबर

तोडगा काढला. सा.का. आत्ता इथे ठेवायची, चाळीच्या जिन्याखाली, ग्रीस लावून, ताडपत्रीत. वर्षाने ही येईल तेव्हा तिच्याबरोबर बोटीवर चढवायची. दोघी एकदमच येतील. यात वाईट काय?

हिने ऐकून घेतले. मग, "मुंबय आधी दिल्लीकडे ठेवूया, मागाहून बघूया, असाच ना सरकार म्हणत होता? तुमी तेव्हा काय बोललात?"

काय बोललो ते मला आठवते. याच खोलीत, कांबळेसमोर, पाटावर मूठ आपटून. की हे 'मागाहून' म्हणजे कधीच नाही. एकदा तोडलेले परत कोण जोडतो!

जेवायला बसलो. आमटीत मीठ कमी होते, उठून वरून घेतले.

२२ सप्टेंबर, रविवार

पहाटेपासून नवे हिशेब. सा.का.चे चाक काढून, पेटी सांगाड्यावरून उतरवून, गाडीच्या कुशीत आडवी घातली तर? खोके लहान होते, पण निम्मे नाही. शेठ एवढ्याला तयार होणार नाही, फरक मी भरला तरी म्हणेल, आत्ताच ही नाटके तर पुढे काय. तसा तो बोललेला नाही. पण बोलेल.

कांबळेला दाखवले. वाचले, परत दिले. "हिशेब बरोबर आहे. पण वहिनींना भीती कसली वाटते ते यात कुठे आहे?"

"कसली?"

"तिथे गेलास की तुला एकट्याने फिरायची सवय होईल. गाडीला पण."

मूर्खासारखे बोलतो. मी काय असा माणूस आहे? शेजारच्या गल्लीतला सावंत गेला एडनला, त्याची बायको अजून इथेच आहे, म्हणून सगळे तसेच? मी सावंत आहे का?

हिला विचारायला हवे. विचारले नाही. ती काय म्हणेल ते...

२४ सप्टेंबर

शेठच्या माणसाने निरोप दिला, बायकोची सोय 'बहुतेक' वर्षात होईल. परवापर्यंत 'नक्की' होते. कांबळेला तेवढे सांगितले, हिला नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

उद्या सकाळी एजंटाला खोक्याचे माप द्यायचे. बाहेरून. सुतार फळ्या घेऊन आठालाच आला. लाकूड ओले आणले आहे, वाळल्यावर फटी पडणार. सांगितले तर म्हणतो, "बोटीवर वाळंल."

नटांचे पाने घेऊन खाली बसलो. सा.का. गाडीला चार ठिकाणी धरलेली असते. खालचे दोन नट सोडले. वरचा पुढचा सोडला. तेवढ्यात ही सूप घेऊन खाली आली, सा.का.त चढली, आणि तांदूळ निवडू लागली.

"काय हे? उतर."

"तुमचां चालू द्या. मी काय आडवतंय?"

"'बहुतेक' म्हणालाय तो," मी म्हटले. का म्हटले कोण जाणे.

हिने खडा टाकला. "ठावक आसा. कांबळेभावजी बोलले." मग बराच वेळ सूप पाखडत राहिली. चाळीच्या गॅलऱ्यांत एरवी घोषणा झाली असती. आज सगळे कठड्यावर वाकून नुसते बघत होते. नानासुद्धा.

सुतार कानावरची पेन्सिल काढून उभा. "मालक, फळी कुठल्या मापानं कापू?"

चौथा नट. पाना लावून बसलो. गंजलेला असता, अडला असता, तर सुटत नाही म्हणून सांगता आले असते. सुतारालाही, एजंटालाही. पण माझ्या गाडीचा नट गंजतो कसला! दर महिन्याला माझ्याच हाताने ग्रीस. बोटाने फिरवला तरी सुटेल.

सुताराला चहा सांगितला आहे.