एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंद

१३ ऑक्टोबर, रविवार

नाही, बॅटरी संपली नव्हती! कुणी विचारलेलं नाही. मीच काल सगळ्यांसमोर म्हटलं, बॅटरी गेली. आणि सगळ्यांनी लगेच मान डोलावली — थंडी आहे, कॅमेरा जुना, आपा, म्हणजे मी, म्हातारी. घरी येऊन बघते तर बॅटरी अर्धी भरलेली. जादाच्या दोन माझ्या काखेत, लोकरीच्या पिशवीत, तव्यावरून काढल्यासारख्या गरम.

कॅमेरा थांबला तो त्याच्या वेळेला. एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंद झाली की तो आपोआप थांबतो. असाच बनवलाय मेल्यांनी. लेकाने, एर्मेकने तो बिश्केकहून आणून दिला तेव्हाच शंभरदा बजावलं होतं, "आपा, लाल ठिपका गेला की परत बटण दाब." मी म्हटलं, "तुझ्या आईने कधी दूध उतू जाऊ दिलं नाही, ठिपका काय जाऊ देईल!" सहा वर्षं, कितीतरी लग्नं. एकदाही गेला नाही.

काल गेला. नेमका जुमाकादिरच्या आशीर्वादात.

१४ ऑक्टोबर

नीट लिहिते. नाहीतर आत कुजत राहील.

केरेमेतची पाठवणी होती. पुढच्या आठवड्यात मंगळवारी ती नवऱ्याबरोबर रशियात जाणार, येकातेरिनबुर्गला. परत कधी येईल, कोण जाणे. जुमाकादिर तिचा आजोबा. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला, अर्धं अंग लुळं, वाचा बंद. या पोरीने रोज समोर बसून त्याला एकेक शब्द परत शिकवला. पाणी. दार. घोडा. लहान मुलाला शिकवावं तसा. पाठवणीत आशीर्वाद तोच देणार, असं दोघांचं ठरलेलं. मला आधीच सांगून गेली होती — "आपा, बाकी काही आलं नाही तरी चालेल. आजोबा तेवढे पूर्ण हवेत."

कुणी फोनवर घेतलं असेल? कुठलं! आशीर्वाद चालू असताना सगळ्यांचे दोन्ही तळहात समोर पसरलेले. फोन धरायचा कशाने, दातांनी? म्हणून तर माझा कॅमेरा. त्याला हात पसरावे लागत नाहीत.

एरवी मी कॅमेऱ्यामागे उभी राहते आणि स्वयंपाकघरात चुलीपाशी जेवते. परवा केरेमेतची आई बुर्मा आली आणि हाताला धरून मला थेट वरच्या अंगाला, मानाच्या जागी घेऊन गेली. "आज इथे बसायचं, आपा." ताटात काय वाढलं? शेपटाकडचं मांस! पंगतीतल्या सगळ्यात वडील बाईचा मान. सदुसष्ट वर्षांत मला तो कधी मिळाला नव्हता. लोकांची लग्नं टिपत फिरणाऱ्या विधवेला कोण देतंय!

कॅमेरा दाराशी स्टँडवर लावला. त्याचा छोटा पडदा उलटा फिरवून आमच्याकडे केला, म्हणजे बसल्या जागेवरून दिसेल. आणि जाऊन बसले. रुबाबात.

बुर्माचा दीर मेंढ्यांवर बोलत सुटला. "अरे, पोरीला निरोप देतोयस की लिलाव करतोयस?" कुणीतरी ओरडलं. हशा. मग मावश्या गायल्या. मग जुमाकादिर उठला. माझं लक्ष ताटात.

झालं एवढंच.

१६ ऑक्टोबर

परत लावून बघितलं. म्हातारा उठतो, काठी सुनेकडे देतो, तोंड उघडतो. "पोरी —" आणि संपलं. शेवटच्या चित्रात कोपऱ्यात कोण? मी! चरबीने माखलेली बोटं, गाल फुगलेला.

१८ ऑक्टोबर

बुर्मा आली. हातात छोटं खोकं. नवी बॅटरी! "जावयाने पाठवलीय, आपा. म्हणाला, जुन्या बॅटरीने दगा दिला, त्यांना केवढं लागलं असेल मनाला."

मी घेतली. घेतली! वर म्हणाले, "एवढं कशाला, बुर्मा." चहा पाजला, तळलेले बोरसोक बांधून दिले. ती गेल्यावर खोकं कपाटात टाकलं. तेव्हापासून ते कपाट उघडलेलं नाही. मोजे त्यातच आहेत. पाय गारठलेत, गारठू देत.

१९ ऑक्टोबर

एर्मेकचा फोन. त्याला सगळं कळतं.

"खरं सांग आपा. बॅटरी?"

"जेवत होते."

म्हणाला, "अजून तीन दिवस आहेत. जा, सांग. म्हातारा परत बोलेल."

सांगायला याच्या बापाचं काय जातंय.

२० ऑक्टोबर, रविवार

गेले. खोकं बुर्मासमोर ठेवलं. म्हटलं, "ही परत घे. बॅटरी संपली नव्हती. मी खात बसले होते, लक्ष नव्हतं." पाल्हाळ लावला नाही. बुर्माचं तोंड लालबुंद झालं. "आणि मी जावयाला—" एवढंच म्हणाली आणि आत गेली. केरेमेत खिडकीपाशी भरलेल्या बॅगेवर बसली होती. बॅगेचा पट्टा घट्ट ओढला. मग — "कॅमेरा आणलाय ना, आपा?"

आणला होता. म्हाताऱ्याला उशीला टेकवून बसवलं. तिने तळहात पसरले. मी बटणावर बोट ठेवून उभी, डोळा ठिपक्यावर. त्या दिवशी तो खूप बोलला होता — केरेमेतची आजी नवरी होऊन आली तेव्हा नदी गोठलेली, घोडा घसरला, ती घाबरायचं सोडून हसली, तशी तू हसत जा. आज ते येईचना. "घोडा," म्हणाला. "नदी." ओठ हलत राहिले. कपाळावर घाम. शेवटी, "जा. सुखी राहा."

चार मिनिटं. अर्ध्या तासाचा कॅमेरा, आणि चार मिनिटं.

"ओमीन," म्हणून केरेमेतने तोंडावरून हात फिरवले. हसली. "झालं की, आजोबा! पुरे एवढं." असलं हसू मी ओळखते. लोक ते कॅमेऱ्यासाठी आणतात.

२२ ऑक्टोबर

केरेमेत गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत सगळे रस्त्यात उभे. मी निघाले तर दारातल्या बाकावरून जुमाकादिरने माझी बाही धरली. एकेक शब्द शोधत बोलला.

"मी बोलत होतो. तू… पडद्याकडे बघितलंस. मग… ताटाकडे."

पोरीला त्याने सांगितलेलं नाही.

हो. ठिपका गेलेला दिसला होता मला. उठले असते तर मानाच्या ताटावरची बाई परत कॅमेरावाली झाली असती. म्हणून हात पसरून बसून राहिले.

यापुढे एक अक्षर लिहिणार नाही.