नळीवरची चार बोटं

अण्णा, तुमची शिकारीची रायफल सोमवारपासून गुलमंडीमागच्या एका कारागिराकडे पडून आहे, आणि तिचं काय करायचं ते मला उद्या त्याला सांगायचं आहे. तुम्ही गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, पण इतक्या वर्षांत मी तिची खोळसुद्धा काढली नव्हती. नळीची निळी-काळी झाक पार उडालीय. कारागीर म्हणाला, "सगळं घासून परत रंग चढवतो, बाई. नवी कोरी दिसंल." मग त्यानं नळी उजेडात फिरवली आणि गंजानं खाल्लेल्या चार डागांवर आपली बोटं ठेवून पाहिली. बसली नाहीत. "ही लेकराची बोटं हैत. खारट हात लागला व्हता. किसकी हैं?"

मी तेव्हा आठ वर्षांची असेन. निजामी राजवट संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. उघड्या हातानं पोलादाला शिवायचं नाही, ही तुमची सक्त ताकीद होती. त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. मीठ लावलेली कैरी खाता खाता मी खोळ काढली. रायफल पेलवेना, म्हणून नळी घट्ट आवळून ती खाटेवर टेकवली, तुमच्यासारखा एक डोळा मिटला, आणि खोळ घालून होती तशी खुंटीला अडकवून ठेवली. महिन्याभरानं उसात डुकरं शिरली, तुम्ही खोळ काढली तर नळीवर गंजाचे डाग, आणि तुमचा आवाज ऐकून मी दाराशी येऊन उभी राहिले. समोर चाचा होते, तुमचे शिकारीतले जोडीदार. त्यांची स्वतःची बंदूक ॲक्शननंतर जमा झाली ती परत मिळालीच नाही, म्हणून ते महिन्यातून एकदा येऊन तुमच्या रायफलीला तेलपाणी करायचे. तुम्ही म्हणालात, "माझ्या माघारी तूच भाईर काढलीस. कुणी बघितलं असतं तर जबाब मला द्यावा लागला असता. तुझी गेली म्हणून माझीवर डोळा व्हय?" चाचा म्हणाले, "नाय पाटील. मैं बाहर नै निकाला." त्यांनी रायफल घेऊन डाग पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, मग रायफल तुमच्या हातात दिली आणि जोडे घालून गेले. ते परत आपल्या घरी आले नाहीत.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं तुम्हीच इतरांना ऐकवायचात. चिखलातला माग बघून डुक्कर होतं की पिलू, हे सांगणारे तुम्ही, अण्णा. तुम्हाला ती चार बोटं कुणाची ते कळलं नाही? मला पाठीशी घातलंत, की त्या दिवसांत एका मुसलमानाची घरातली ये-जा बंद व्हायला निमित्तच हवं होतं? मला तुमचा राग येतो. पण चाचांना कळलं होतं, तरी ते माझं नाव न घेता गेले, आणि मी दाराशी नुसती उभी राहिले. त्यानंतर ते वीस वर्षं त्याच गावात होते. वाटेत दिसले की म्हणायचे, "कैसी है बेटी?" मी म्हणायची, बरी आहे.

सगळं घासून घेतलं, तर त्या दिवसाची खूणच उरणार नाही. म्हणून उद्या कारागिराला सांगणार आहे की रंग नको, नुसतं तेल दे. हे पत्र कुठं टाकणार, रायफलीच्या खोळीतच ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. "किसकी हैं" म्हणून त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणाले, आमच्याकडे एक चाचा यायचे, त्यांच्या पोराची असतील.